वखारीची दिंडी

बेळगावहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की काकती, वंटमुरी, संकेश्वर करीत गाडी तवंदी घाटाच्या माथ्यावर येते. घाट उतरला की निपाणी. आमच्या लहानपणी एस.टी.त डोळे मिटून बसले तरी निपाणी आल्याचे कळायचे. पौष-माघाच्या दिवसांत खिडकीतून आधी वास यायचा आणि मग गाव. परक्या माणसाला ठसका लागायचा. आम्ही निपाणीकर मात्र छाती भरून श्वास घ्यायचो, घर आले म्हणून.

गेल्या माघात आईला घेऊन निपाणीला गेलो तेव्हा घाट उतरताना मुद्दाम काच खाली केली. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आली, डिझेलचा धूर आला, पण तो वास काही आला नाही. तो आला थेट वखारीचे दार उघडल्यावर.

पण आधी हे काम माझ्याकडे कसे आले ते सांगतो. मी बेळगावात गेली तीस वर्षे घरांचे आराखडे काढतो. आर्किटेक्ट नव्हे, स्थापत्याचा डिप्लोमावाला. वडगाव-शहापूरकडची जुनी घरे पाडून दोन मजले कसे चढवायचे, जिना कुठे घ्यायचा, महापालिकेला नकाशा कसा द्यायचा, हे माझे जग. एके दिवशी बेंगळुरूहून फोन आला. "काका, निपाणीत आमची जुनी वखार आहे. आजोबांची. तिथे पाहुण्यांसाठी एक पॅव्हेलियन करायचे आहे." आमच्याकडे पॅव्हेलियन म्हणजे बाद झालेला फलंदाज जिथे परततो ती जागा. मी तसे म्हणालोही. पोरगा हसला आणि त्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला.

फोटोत एका जुनाट दगडी इमारतीपुढे चकचकीत, वाकडी, बाटलीच्या गळ्यासारखी फुगत गेलेली एक वस्तू उभी होती. "असे काहीतरी," त्याने खाली लिहिले होते.

रात्री बसून मी त्या फोटोचा माग काढला. ते गाव स्पेनमधले हारो. रिओखा हा द्राक्षांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने बसवल्या, तेव्हा फ्रेंच व्यापारी वाईनसाठी डोंगर ओलांडून इकडे आले आणि हारोच्या रेल्वे स्टेशनाभोवती तळघरे, गोदामे उभी राहिली. त्यांतलेच एक लोपेझ दे एरेदिया यांचे, १८७७ साली सुरू झालेले. अजून त्याच घराण्याकडे आहे. तळघरातली कोळ्यांची जाळी ते झाडत नाहीत, कारण बुचांना लागणारे पतंग कोळी खातात. हे वाचून मला ते लोक एकदम आपले वाटले. आमच्याकडेही झाडलोट न करण्याची कारणे तयार असतात, पण इतके चांगले कारण कधी ऐकले नव्हते.

तर या लोकांना आपल्या अडगळीत एक लाकडी दुकान सापडले. १९१०च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या पूर्वजाने वाईन मांडण्यासाठी करून घेतलेले, नक्षीचे. वायनरीला १२५ वर्षे होत होती. ते दुकान ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी झाहा हदीद या बाईंना बोलावले. बगदादला १९५० साली जन्मलेल्या, लंडनमध्ये काम करणाऱ्या. वास्तुकलेतले प्रित्झकर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, २००४ साली. २०१६ साली त्या गेल्या. त्यांनी केले असे की जुन्या दुकानाला हात न लावता त्याच्याभोवती एक नवे कवच घातले. त्या कवचाचा छेद घेतला तर वाईन ओतायच्या सुरईचा आकार दिसतो. २००६ साली ते उभे राहिले. नव्याच्या पोटात जुने ठेवले आहे. कल्पना सुंदर आहे, हे माझ्यासारख्या जिनेवाल्यालाही कळले.

आपल्याकडे असे काही मी पाहिले होते ते नाशिकला, सासुरवाडीच्या मंडळींबरोबर. गंगापूर धरणाजवळची सुला. तिथे २००५ साली वाईन चाखायचे दालन झाले आणि द्राक्षे बघायला माणसे तिकीट काढून येऊ लागली. वरच्या सज्जात पेला घेऊन बसायचे, समोर बाग. मेव्हणा पेल्यात बघत होता, मी सज्जाचा कठडा. खाली लांबवर वेलींच्या रांगांतून बायका वाकून काही खुडत होत्या. इतक्या लांबून त्या चित्रातल्यासारख्या दिसत होत्या. पाठ दुखत असेल, हे त्या अंतरावरून दिसत नाही. तेव्हा मला ते जाणवले आणि लगेच विसरलोही, कारण जेवण आले.

आता वायनरीला येणाऱ्याला शेवटी पेला देतात. आम्ही तंबाखूच्या वखारीत काय देणार, पुडी? २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात करता येत नाही आणि करूही नये. म्हणजे चाखायचे काही नाही, विकायचे काही नाही. उरते फक्त सांगायचे. आणि काय सांगायचे, इथेच माझी पंचाईत होती. कारण मी त्या पोराला एक गोष्ट सांगितली नव्हती. ज्या वखारीचा आराखडा तो माझ्याकडून मागत होता, तिथे माझी आई अठरा वर्षे तंबाखू चाळत होती.

का सांगितले नाही याचे धड उत्तर माझ्यापाशी नाही. काम जाईल अशी भीती नव्हती. इसाराचे पैसे घेतले होते खरे. पण बेळगावात आल्यापासून 'आई काय करायची' या प्रश्नाला मी 'शेतात जायची' असेच उत्तर देत आलो होतो. सवय जडली होती.

निपाणीबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. निपाणीचा तंबाखू विडीचा. काळ्या रानात, पावसाच्या पाण्यावर. श्रावण-भाद्रपदात रोपे लावायची, मग शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचे म्हणजे सगळा कस पानात उतरतो. पौष-माघात कापून रानातच उन्हाला घालायचा. गोळा करायचा तो पहाटे, दव पडल्यावर, नाहीतर पानाचा चुरा होतो. मग गाड्या वखारीकडे. रचून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब येते, तो पुन्हा पुन्हा उलटावा लागतो. द्राक्षाचा रस पिंपात उकळ्या मारतो म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आणि त्यानंतर बडवणे, चाळणे, पाखडणे. हे सगळे बायकांचे. हजारो बायका. कोडणी, जत्राट, यमगर्णी, अकोळ अशा गावांतून पहाटे चालत यायच्या.

या वखारींच्या भोवती काय काय झाले! शेतकऱ्याला भाव मिळत नाही म्हणून शरद जोशींच्या हाकेने १९८१च्या मार्चमध्ये शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर गावच वसले होते. ६ एप्रिलला पोलिसांनी ते मोडले, गोळीबार झाला, शेतकरी मेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. त्या दिवशी आईने आम्हाला घराबाहेर काढले नाही, एवढेच आठवते. चाळणाऱ्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना बांधली. त्यांच्यावर युगांतर या गटाने १९८२ साली एक माहितीपट केला, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. दीपा धनराज त्या गटातल्या. निपाणीच्या बायका त्यात स्वतःच आपली गाऱ्हाणी सांगतात. आमच्या घरी हा माहितीपट मोबाईलवर पाहिला तेव्हा आईने चष्मा लावून तो दोनदा लावायला सांगितला. ती स्वतःला शोधत नव्हती. "ही गेली," "हीबी गेली," एवढेच म्हणत होती.

तर मी निपाणीला मापे घ्यायला निघालो, आणि आई म्हणाली, "मीबी येतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. मी म्हणालो, उन्हाचे कशाला. ती आधीच लुगडे बदलून बसली होती.

वखार तशीच होती. बाहेरून काळ्या दगडाची भिंत, मोठा दरवाजा, त्या दरवाज्यातच एक धाकटी दिंडी. आत चौक, साठ बाय चाळीसचा. एका बाजूला मालकांची गादी, लाकडी कठड्याची. समोर चाळायची पडवी, नव्वद फूट लांब, अठ्ठावीस रुंद. सागवानी कैच्या, वर मंगळुरी कौले, बरीच फुटलेली. पाऊस आत येऊन एका कोपऱ्यात तुळईचे टोक कुजले होते. खिडक्या नावालाच, त्याही वर आणि फळ्या ठोकून बंद. धाकटे मालक बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने येऊन पोचले होते. तिशीचा, नम्र पोरगा. त्याने मोठा दरवाजा उघडून ठेवला होता आणि "या काका, या आजी" म्हणत पुढे झाला.

आई त्या दरवाज्यातून गेली नाही. तिने दिंडीकडे बोट केले. "ती उगडा."

"आजी, हा मोठा उघडा आहे की."

"ह्यातनं आमी कवा ग्येलो न्हाई. गाड्यांचा हाय त्यो."

आणि ऐंशीला टेकलेली माझी आई त्या दिंडीतून वाकून आत गेली. आत गेल्यावर क्षणभर दोन्ही हात वर करून उभी राहिली. मला कळेना. मग तिनेच हात खाली घेतले आणि जराशी हसली. संध्याकाळी जाताना इथेच झडती व्हायची. पदरात मूठभर भुकटी तर नाही ना, म्हणून. येताना नव्हे, जाताना. पण दारापाशी आले की हात वर, हे अंगात बसले होते.

धाकट्या मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आई इथे होती. अठरा वर्षे." एवढे सांगायला मला तीन महिने लागले होते.

मग आई पडवीत गेली आणि खांब मोजत सातव्या खांबापाशी खाली बसली. पाठ खांबाला नाही, भिंतीकडेही नाही, दोन खांबांच्या मधे, मोकळीच. आम्ही दोघे उभे. तिने चाळण धरल्यासारखे हात केले. खिडक्या बंद का, असे धाकट्या मालकांनी विचारले. ती म्हणाली, "वारं लागलं की माल वाळतोय, वजन जातंय, म्हनून लावून घ्यायचं. भुकटी आमच्या नाकात. पदर बांदायचा, तरीबी थुकलं की काळं." पोरांचे काय करायचा, असेही त्याने विचारले. त्यावर तिने माझ्याकडे बोट केले. "ह्यो त्या बाहेरच्या लिंबाखाली. थोरली पोरगी बघायची ह्याला. दुपारी पाजाया गेलं की हात धुवाया पानी न्हाई. त्वांड फिरवायचा ह्यो. कडू लागायचं न्हवं?"

मी टेपचे टोक धरून उभा होतो. पुढची मापे त्या पोराने घेतली.

पण आईने त्याच्या आजोबांना शिव्या दिल्या असे वाचकांनी समजू नये. उलट धाकटी बहीण अडली तेव्हा मालकांनी स्वतःची जीप कोल्हापूरला पाठवली, हे तिने त्याला दोनदा सांगितले. दिवाळीला लुगडे देत. वाईट होता तो मुकादम. त्याच्याविषयी ती बोलली नाही, फक्त म्हणाली, "मेला त्यो." संघटना झाल्यावर पगार वाढला, मुकादमाची जीभ आखडली, हेही तिने सांगितले. मालकांना ते आवडले नाही, पण लुगडे बंद केले नाही. आता या सगळ्याची एका पाटीवर कशी मांडणी करायची?

दुपारी गादीमागची खोली उघडली. हारोच्या लोकांना अडगळीत नक्षीचे दुकान सापडले, आम्हाला सापडला लोखंडी काटा, वजने, छापाचे पत्रे, जुनी तिजोरी आणि कापडात बांधलेल्या हजेरीच्या वह्या. धाकट्या मालकांची नजर छापाच्या पत्र्यांवर होती. रंग अजून टवटवीत, फ्रेम केले तर देखणे दिसतील. मी वह्या सोडल्या. आत नुसती पहिली नावे, आडनाव नाही. एकाच नावाच्या दोघी-तिघी असल्या की पुढे 'थोरली', 'धाकटी', 'जत्राटची', 'कोडणीची'. नावापुढे महिनाभराच्या उभ्या रेघा, शेवटी अंगठा. शाईचा जांभळा अंगठा. आईला वाचता येत नाही. पण एका पानावर तिने स्वतःचा अंगठा माझ्या नावाच्या आधाराशिवाय ओळखला. बोटाला कोयत्याची जुनी खूण आहे, ती त्या ठशातही आडवी उमटली होती.

त्या रात्री बेळगावला परतताना मी पहिला आराखडा मनातच फाडला. तो मी आधीच करून ठेवला होता, चौकात मधोमध, पत्र्याचा, वाकडा, हारोची नक्कल. तसाही तो टिकला नसता. निपाणीचा पत्रा काम करणारा मिस्त्री चित्र बघून म्हणाला होता, "साहेब, चैत्रात ह्याच्यात पापड भाजतील." आणि मुद्दा केवळ उन्हाचा नव्हता. हारोत नव्याने जुन्याला पोटात घेतले ते शोभले, कारण ते जुने म्हणजे मुळात लोकांना दाखवण्यासाठीच केलेली वस्तू होती. आमची पडवी कुणी बघू नये म्हणूनच बांधलेली. तिच्यापुढे चकाकते काही उभे केले तर बघणारा त्याचेच फोटो काढील आणि परत जाईल.

दुसरा आराखडा असा. चौक मोकळाच. पाहुण्याने यायचे ते दिंडीतून, वाकून. चाकाच्या खुर्चीने येणाऱ्यासाठी मोठा दरवाजा, बाकीच्यांना नाही. पडवीत जमिनीपासून दीड फूट उंचीवर लाकडी पाटणी, म्हणजे खालची मूळ फरशी आणि तिच्यातला काळा थर तसाच राहतो. पाटणी सातव्या खांबापर्यंत जाऊन संपते आणि तिथे पायऱ्या उतरून खाली, फरशीवर बसायचे. बाक नाही. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीवर काय दिसते ते बघायचे. पडवीच्या तीन भागांत कौलांमध्ये काचेची कौले घालून उजेड घ्यायचा, खिडक्यांच्या फळ्या काढायच्या. पण चौथा भाग तसाच बंद ठेवायचा, फळ्यांसकट. कुजलेली तुळई तेवढी बदलायची. आणि भिंतीशी, काचेखाली, हजेरीच्या वह्या. महिन्यातून एकदा पान उलटायचे. छापाचे पत्रे गादीच्या खोलीत, तिथेच ते शोभतात.

आईला मी हा आराखडा कागदावर बोट फिरवून समजावला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मोरी कुटं हाय?"

खरोखर, मोरी मी काढलीच नव्हती. पन्नास-साठ बायकांच्या वखारीत त्या काळी ती नव्हती, मागे ओढ्याला जावे लागे, आणि मुकादमाला विचारून. आता बघायला येणाऱ्या बायकांसाठीही मी ती विसरलो होतो. तीस वर्षे घरांचे नकाशे काढणारा माणूस!

धाकट्या मालकांना आराखडा पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. मग फोन आला. पाटणी आवडली, काचेची कौले आवडली. खर्चही पहिल्यापेक्षा निम्माच. "काका, वह्या दाखवायलाच पाहिजेत का? घरात चुलते आहेत. त्यांना वाटेल आजोबांची बदनामी." मी म्हणालो, वह्यांमध्ये बदनामी काय आहे, नावे आहेत. तो म्हणाला, "नावे आहेत म्हणूनच." पोरगा हुशार आहे. मी त्याला सांगितले की जीपचीही गोष्ट लिहू, आईच्या तोंडून. पण वह्या काढल्या तर माझे नाव आराखड्यावर घालू नका, इसार परत देतो. हे बोलून झाल्यावर माझे मलाच नवल वाटले. माझ्या नावाला एवढी काही किंमत नाही, आणि इसारातले बरेच पैसे घराच्या रंगाला गेले आहेत.

आराखडा सध्या चुलत्यांकडे आहे. काही ठरलेले नाही. अर्जुननगरला मी कॉलेजात होतो तेव्हाचा एक मित्र निपाणीत कौलांची कामे घेतो. (अर्जुननगरचे देवचंद कॉलेज म्हणजे आमची एक गंमत. गाव निपाणी, कर्नाटकात. कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. आम्ही रोज सायकलवरून राज्य ओलांडायचो.) त्या मित्राला वखार दाखवून ठेवली आहे. बाकी काय व्हायचे ते होवो, मृगाच्या आधी शाकारणी तरी करून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात दुसरी तुळई जाईल आणि वह्या भिजतील, असे मी बेंगळुरूला कळवले. शाकारणीला होकार आला आहे.

आई अधूनमधून विचारते, "मोरी काडलीस?" काढली आहे. दोन, दिंडीच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या नळासकट. नळ मी लिंबाच्या बाजूला घेतला आहे. लिंब अजून आहे.